उजव्या गोणीतला धोंडा

गोरेगावापासून कोसभर आत, नाल्याच्या काठी बोरतांडा वसलेला आहे. त्या तांड्यातील वसराम राठोड याच्याकडे एक काळी चोवीस इंची सायकल होती. सायकल अनेकांकडे असते. परंतु वसरामची सायकल पाहण्यासाठी वाटेवरची माणसे थांबत असत, कारण बारा वर्षांनंतर तिच्यात मूळचे असे काही राहिले असेल तर ते मधला सांगाडा आणि घंटीचे झाकण, एवढेच. बाकीचे सर्व त्याने आपल्या पत्नीसाठी, जिवनबाईसाठी, बदलून घेतले होते.

हे बदल का करावे लागले, ते समजण्यासाठी आधी जीपगाडीची हकिकत सांगितली पाहिजे.

सन १९९२ च्या उन्हाळ्यात या दांपत्याची एकुलती एक लेक संगिता हिचे लग्न झाले. औंढा नागनाथच्या पलीकडे एक तांडा आहे, तेथील ओमप्रकाश पवार याला ती दिली. लग्नानंतर आठ दिवसांनी जिवनबाई लेकीला भेटण्यासाठी गोरेगावच्या स्टँडवरून जीपमध्ये बसली. आयुष्यात ती प्रथमच मोटारीत बसत होती. जीप डांबरी रस्त्याला लागते न लागते तोच तिच्या पोटात ढवळू लागले. पुसेगावपर्यंत तिने जीप तीन वेळा थांबवली. चौथ्या वेळी थांबवण्यास उशीर झाला, आणि शेजारी बसलेल्या अनोळखी गृहस्थाचे नवे कोरे धोतर खराब झाले. ती पुसेगावला उतरली आणि तेथून उलट पावली चालत घरी आली. पुढे एकदा तिने एसटीचाही अनुभव घेतला. तो याहून निराळा नव्हता.

"त्या डब्यात मी पुन्हा पाय ठेवणार न्हाई," तिने वसरामला सांगितले. ही माणसे घरात आपली गोरमाटी, म्हणजे बंजारा, बोली बोलत. त्यांचे बोलणे येथे मराठीत दिले आहे. "लेकीकडं जाईन तर पायी जाईन."

"पायी दोन दिवस लागतील."

"लागू द्या."

"आन् परत यायला?"

जिवनबाईने चुलीतील लाकूड पुढे सारले आणि पदराने डोळे पुसले. धुराने डोळ्यांत पाणी आले, असे ती म्हणाली. त्या दिवशी चुलीला धूर नव्हता, हे वसरामने पाहिले होते. लेकीची वर्षातून एकदा तरी भेट व्हावी, एवढीच तिची मागणी होती आणि ती पुरी करणे हे वसरामने स्वतःचे काम मानले.

सायकलीवरून एका दिवसात औंढा गाठता येईल, असा त्याचा अंदाज होता. मात्र पावसाळ्यात काळी माती चाकाला धरते आणि उन्हाळ्यात डांबर पायाला भाजते. म्हणून हिवाळा ठरला. कापूस वेचून झालेला असतो, ज्वारी अजून उभी असते, आणि संक्रांतीच्या सुमारास लेकीला तीळगूळ देण्याचे निमित्तही मिळते.

वसरामच्या घरात खुंटीवर एक जुनी गोण टांगलेली होती. त्याचे आजोबा बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य लादून मुलखातून मुलखात नेत असत. त्यांची ती गोण, म्हणजे बैलाच्या पाठीवरून दोन्ही बाजूंना लोंबणारी जाड सुताची जोड-पिशवी. कडेने कवड्या शिवलेल्या होत्या. आजोबांनी लहानपणी वसरामला एकच नियम शिकवला होता. दोन्ही अंगांना वजन बराबर पाहिजे. एक अंग जड झाले तर जनावराची पाठ सोलून निघते. माल एकाच बाजूला असेल, तर दुसऱ्या बाजूला धोंडा भरावा, पण तोल सोडू नये.

वसरामने ती गोण सायकलीच्या कॅरिअरवर टाकली. डावीकडे तिळगुळाचा डबा आणि भाकरी, उजवीकडे तुरीची डाळ आणि कपडे. दोन्ही अंगे त्याने हाताने उचलून सारखी केली. मग जिवनबाई कॅरिअरवर बसली. तांड्यातील सर्व स्त्रिया बसत तशीच, दोन्ही पाय डावीकडे सोडून. सायकल डावीकडे झुकली.

वसराम विचारात पडला. पाय हे सुद्धा वजनच आहे, हे त्याच्या ध्यानात आले नव्हते. त्याने सायकल उभी केली, जिवनबाईला वर बसवून ठेवले, आणि नाल्यातील गोटे एकेक करून उजव्या गोणीत टाकण्यास सुरुवात केली. हे पाहण्यासाठी अर्धा तांडा जमला.

"काय करून राहिला, वसराम?" तांड्याचा नायक अमरसिंग याने विचारले.

"तोल काढून राहिलो."

"बायको तोलून राहिला म्हण की. किती भरली?"

"फक्त पाय तोलून राहिलो, नायक."

बायकांनी तोंडाला पदर लावले. जिवनबाई मात्र वर ताठ बसून होती. शेवटी सायकल सरळ उभी राहिली तेव्हा सर्व गोट्यांच्या वजनाइतका एकच गुळगुळीत काळा धोंडा शोधण्यात आला. तो चांगला पाच किलोचा होता. उजव्या गोणीच्या तळाशी त्याची कायमची जागा ठरली.

गोरेगावात गोपीचंद याचे सायकल दुरुस्तीचे दुकान होते. हवा भरताना त्याने गोणीत हात घातला आणि धोंडा बाहेर काढला.

"वसरामभाऊ, हे काय?"

"तोल आहे."

"अरे, सायकल चालली की तोल आपोआप राहतो. सायकल म्हंजे बैल न्हाई."

"पाठ तर हाय की तिला," वसराम म्हणाला, आणि धोंडा त्याच्या हातातून घेऊन जागेवर ठेवला.

पहिला हिवाळा फार कठीण गेला. वसरामने निघण्याआधी चेनला सढळ हाताने खोबरेल तेल लावले होते. पहाटेच्या थंडीत ते तेल थिजले आणि चेन मेणात बुडवल्यासारखी पांढरी झाली. पायडल फिरेना. वाटेत काडेपेटीतील काड्या पेटवून त्याने ती चेन शेकली. पुढे जिवनबाईचा फेटिया, म्हणजे घेरदार घागरा, मागच्या चाकाच्या तारांत अडकला आणि त्याचा एक पट्टा फाटला. कॅरिअरच्या लोखंडी सळ्या तिच्या अंगात रुतल्या. औंढ्याच्या अलीकडील चढावर दोघे उतरून चालले. दिवस मावळता मावळता ते संगिताच्या अंगणात पोहोचले, तेव्हा जिवनबाईला सरळ उभे राहता येत नव्हते. परंतु लेक धावत आली आणि आई लेकीच्या गळ्यात पडली. वसराम सायकलीला टेकून उभा राहिला आणि मनातल्या मनात चुका मोजू लागला.

तेथून सुधारणांना आरंभ झाला. दर वर्षी पेरणी आटोपली की वसराम गोपीचंदच्या दुकानात जाऊन बसे आणि दोघांची चर्चा सुरू होई. दुसऱ्या हिवाळ्याआधी मागच्या चाकाच्या दोन्ही बाजूंना सुतळीची जाळी विणून बसवण्यात आली, त्यामुळे फेटिया तारांत जाणे थांबले. चेनला मशीनचे तेल आले. मोडक्या वखराच्या लोखंडाची पट्टी डाव्या बाजूला जोडून घेतली. तिच्यावर जिवनबाईचे पाय टेकू लागले. कॅरिअरवर कापसाची जाड गादी आली. तिचे आवरण जिवनबाईने स्वतः शिवले, त्यावर बारीक आरसे टाचले, आणि मागे वीतभर झालर सोडली. याचा एक लाभ कोणाच्या मनात नव्हता तो झाला. धुक्याच्या पहाटे मागून येणाऱ्या जीपचा उजेड त्या आरशांवर पडला की वीस-पंचवीस डोळे एकदम चमकावेत तसे दिसे, आणि चालक लांबूनच वेग कमी करीत.

हात थंडीने बधिर होत. म्हणून वसरामने जुन्या घोंगडीच्या दोन खोळी शिवून हँडलच्या मुठींवर चढवल्या. आत हात घालून तो सायकल चालवू लागला.

"बैलाच्या तोंडाला मुसकं पाहिलं होतं," गोपीचंद म्हणाला. "माणसाच्या हाताला पहिल्यांदा पाहून राहिलो."

"तुला काहून त्रास होतो? ऊब मला लागते."

हिंगोली जिल्हा स्वतंत्र झाला त्या वर्षी सायकलीला डायनॅमोचा दिवा आला. गोपीचंद म्हणे, जिल्हा झाला म्हणून सरकारने दिवा लावला, आणि वसरामच्या सायकलीपासून सुरुवात केली. प्रत्येक सुधारणा बसवून झाली की तो धोंड्याकडे बोट दाखवी आणि आता तरी हा काढ, असे सांगे. वसराम प्रत्येक वेळी नकार देई. दहा वर्षे हा संवाद असाच चालला.

सन २००३ च्या हिवाळ्यात एक वेगळी गोष्ट घडली. औंढ्याच्या चढाला लागण्याआधीच, सपाट रस्त्यावर, वसरामचा उजवा गुडघा धरला. तो उतरला. जिवनबाई उतरली. उरलेली वाट दोघांनी सायकल ढकलत पार केली आणि दिवेलागणीनंतर दोघे पोहोचले. जावई ओमप्रकाश दारातच उभा होता.

"मामा, आता पुरे करा," तो म्हणाला. "तुमचं वय झालं. लोक मला विचारतात, सासू-सासरे एवढ्या थंडीत सायकलीवर काहून येतात. जीपनं या की."

"जीप तुझ्या मामीला सोसत न्हाई."

"तर मंग येऊ नका. आमीच येत जाऊ."

"कधी येता? दोन म्हशी, चार एकर, तुझी आई अंथरुणावर. पाच वर्षांत एकदा आला."

ते खरे होते. ओमप्रकाशने पुढे होऊन सायकलीवरची गोण उतरवली. जिवनबाईने ते सर्व ऐकले. परतीच्या वाटेवर, पुसेगावजवळ, ती मागून म्हणाली, "पुढच्या वर्षी जाणं न्हाई. तुमचा गुडघा मोठा, का माझी हौस मोठी?" त्या दिवशी वसरामने भाकरी अर्धीच खाल्ली.

दिवाळीनंतर गोपीचंदने त्याला दुकानात बोलावून घेतले.

"भाऊ, तुला एक सांगू? रागावू नको. वहिनी मागच्या बाजाराच्या दिवशी स्टँडवर आली होती."

गोपीचंदच्या दुकानासमोरच जीपचा थांबा होता. त्याने पाहिले ते असे. जिवनबाईने पदराच्या गाठीत लिंबू आणि आल्याचा तुकडा बांधून आणला होता. थांब्यावर मोहनसिंग या चालकाची जीप उभी होती. ती आत जाऊन बसली, लिंबू नाकाशी धरले आणि डोळे घट्ट मिटले. थोड्या वेळाने ती घाईने बाहेर आली आणि गटारापाशी वाकली. मोहनसिंग पाण्याचा तांब्या घेऊन धावला.

"मावशी," तो म्हणाला, "मी अजून गाडी चालू बी केली न्हाई."

"माहीत हाय," जिवनबाई म्हणाली. "थोडी सवय करून राहिले."

तोंड धुऊन ती पुन्हा जीपमध्ये जाऊन बसली. असे तिने तीन वेळा केले, आणि मग बाजार न करताच तांड्याकडे गेली.

वसरामने हे ऐकले आणि तो सायकलीच्या मागच्या चाकाशी उकिडवा बसला. आपला गुडघा वाचावा म्हणून ती हे करते आहे, हे त्याला उमगले.

"गोपी, चढ सोपा होईल असं काय करता येईल?"

"मागचं दातेरी चक्र मोठं बसवू. वेग कमी होईल, पर पायाला हलकं जाईल. आन् दुसरं तुला माहीत हाय."

"पाच किलो," वसराम म्हणाला.

"अकरा वर्षं पाच किलो, भाऊ."

वसरामने घरी येऊन उजव्या गोणीतून धोंडा काढला आणि अंगणात तुळशीपाशी ठेवला. आजोबांची त्याने मनोमन क्षमा मागितली. मग त्याने जिवनबाईला सांगितले, "संक्रांतीला निघायचं. चक्र नवं बसवलं हाय, धोंडा बी काढला. सायकल आता पाखरासारखी पळेल."

जिवनबाईने तुळशीपाशी ठेवलेला धोंडा पाहिला. ती काही बोलणार होती, परंतु नवऱ्याच्या चेहऱ्यावरील आनंद पाहून तिने तोंड मिटले.

सन २००४ च्या जानेवारीत, झुंजुमुंजू होताच, दोघे निघाले. धुके इतके दाट होते की दिव्याचा उजेड पुढे हातभर जाऊन थांबत होता. नवे चक्र खरोखर हलके फिरत होते. वसरामला पाय जणू पंचविशीतले वाटू लागले. परंतु मागे काहीतरी बिघडले होते. जिवनबाई सारखी हलत होती. कधी ती त्याचा सदरा धरी, कधी गादीची कड धरी, कधी एकदम घसरल्यासारखी होई, आणि सायकल वाकडीतिकडी धावे. दोन वेळा ती दोघे रस्त्याच्या कडेच्या हरभऱ्यात शिरली. दोन्ही वेळा वसराम मनात म्हणाला, आजोबांचे खरे होते.

पुसेगावला पद्माबाईंचे चहाचे हॉटेल होते. बारा वर्षे ती दोघे तेथे थांबत आली होती. सायकल थांबताच जिवनबाई खाली उतरली आणि चुलीजवळ जाऊन बसली. तिचे हात निळसर पडले होते.

"मी पुढं येत न्हाई," ती म्हणाली.

"तोल जातो म्हणून? आजोबांनी सांगितलंच होतं, धोंडा काढला की—"

"तोल गेला खड्ड्यात. माझ्या हाताला धरायला काय हाय?"

वसरामला अर्थ कळेना. पद्माबाईंनी चहा ओतता ओतता कान दिला. तेव्हा जिवनबाईने इतक्या वर्षांची गोष्ट सांगितली. पहिल्या हिवाळ्यात तो धोंडा तिच्या पाठीमागे बर्फासारखा लागत होता. म्हणून दुसऱ्या वर्षापासून, निघण्याच्या आदल्या संध्याकाळी, ती तो चुलीच्या राखेत पुरून ठेवी. पहाटे फडक्यात गुंडाळून गोणीत टाकी. वाटभर तिचा डावा हात मागे गोणीत असे. धोंड्याच्या वजनाने गोण ताठ राही, म्हणून धरायला पक्का आधार मिळे. आणि धोंडा हिंगोलीच्या अलीकडेपर्यंत कोमट राही, म्हणून हात गारठत नसे. दहा वर्षे ती त्या धोंड्याला धरून लेकीकडे गेली होती.

"मंग मला काहून न्हाई सांगितलं?"

"आजोबांच्या गोणीला राख लावली म्हणून तुमी ओरडला असता."

वसरामने विचार केला. त्याने प्रामाणिकपणे मान्य केले की तो ओरडला असता.

इतक्यात मोहनसिंगची जीप हॉटेलासमोर थांबली. त्याने खिडकीतून डोके बाहेर काढले. "मावशी, एक जागा हाय. पुढची. खिडकीजवळ."

जिवनबाई उठली. तिने जीपकडे पाहिले, जीपमागच्या निळ्या धुराकडे पाहिले, आणि नाकाला पदर लावून परत चुलीजवळ बसली. जीप निघून गेली. आता पुढे जाणेही नव्हते आणि लेक मात्र सकाळपासून वाटेकडे डोळे लावून बसली असणार होती. वसराम पद्माबाईंकडे वळला. त्यांची चूल तीन धोंड्यांची होती, आणि बाजूला जुन्या चुलीचा एक धोंडा दूध गरम राहावे म्हणून निखाऱ्यांवर पडलेला होता.

"पद्माबाई, हा धोंडा तुमच्या कामाचा हाय का?"

"तसा हाय. पर तुमच्याएवढा न्हाई," त्या म्हणाल्या. त्यांनी चिमट्याने आणि पोत्याने धोंडा उचलला, दोन पदरी गुंडाळला आणि स्वतः उजव्या गोणीत ठेवला. "जिवनबाई, हात घालून पाहा. चटका बसतो का?"

जिवनबाई कॅरिअरवर बसली. तिने डावा हात मागे नेला आणि तिचा चेहरा बदलला. "निघा," ती म्हणाली.

पद्माबाईंचा धोंडा सात किलोंहून कमी नव्हता. सायकल आता उजवीकडे झुकत होती. थोडे पुढे गेल्यावर वसराम थांबला, रस्त्याकडेचा दोन किलोंचा दगड उचलून त्याने डाव्या गोणीत टाकला, आणि मगच त्याला बरे वाटले. जिवनबाई हसली, पण तिने त्याला अडवले नाही. औंढ्याच्या चढावर तो एकदाच उतरला. चार वाजता, ऊन अंगणात असताना, सायकल संगिताच्या दारात उभी राहिली. ओमप्रकाशने गोण उतरवण्यासाठी उचलली आणि तो वाकला.

"मामा, एक धोंडा होता, आता दोन झाले?"

"तुझी मामी आली का न्हाई?" वसराम म्हणाला. "मंग धोंडे मोजू नको."

ही हकिकत संगिताच्या सासूच्या, रुख्मिणीबाईच्या, कानावर गेली होती; परतीच्या आदल्या संध्याकाळी तिने अंथरुणावरूनच सुनेला धोंडा राखेत पुरण्याची आठवण करून दिली. पद्माबाईंचा धोंडा पुसेगावला त्यांच्या चुलीशी परत ठेवण्यात आला.

पुढच्या पावसाळ्यात वसराम गोपीचंदकडे गेला आणि त्याने पत्र्याची झाकणाची पेटी मागितली. आत भुसा भरून धोंडा ठेवायचा, म्हणजे ऊब टिकेल आणि गोणीला राख लागणार नाही.

"शेवटी धोंडाच जिंकला," गोपीचंद म्हणाला. "एक पेटी ना?"

"दोन."

"दुसरी कशाला?"

"बराबर पाहिजे की."

गोपीचंदने कपाळावर हात मारला, परंतु त्याने दोन पेट्या करून दिल्या. डाव्या पेटीत काय ठेवावे, हा प्रश्न वसरामला फार दिवस पडला होता. तो जिवनबाईने सोडवला. तिने नाल्यातून तुळशीपाशी ठेवलेल्या धोंड्याच्याच मापाचा दुसरा धोंडा आणला आणि दोन्ही धोंडे एकाच राखेत पुरले; पायांच्या वजनाची भरपाई म्हणून उजवीकडे पाच किलो डाळ जास्त भरली.

सन २००५ च्या संक्रांतीआधी, पुसेगावला, पद्माबाईंच्या हॉटेलासमोर सायकल उभी होती. वसराम बाकावर बसून चहा पीत होता. त्याच्या उजव्या गुडघ्यावर फडक्यात गुंडाळलेला डावीकडचा धोंडा ठेवलेला होता आणि त्याची ऊब हाडापर्यंत पोहोचत होती. मोहनसिंगची जीप आली. त्याने वेग कमी केला, दोघांकडे पाहिले, आणि जागा आहे असे न म्हणताच हात हलवून पुढे गेला.

"झाला का शेकून?" जिवनबाईने विचारले. "चला, लेक वाट पाहून राहिली असंल."

वसरामने धोंडा डाव्या पेटीत जागेवर ठेवला, गोणीची दोन्ही अंगे हाताने उचलून पाहिली, आणि समाधान झाल्यावर तो सायकलीवर बसला.